काखेतल्या चपला

अहो, तुम्ही गेलात त्या सकाळी सगळ्यांनी तुमचं तोंड पाहिलं. मी आधी तळपाय पाहिले.

तुम्हाला ओट्यावर चटईवर ठेवलं होतं. बायका रडत होत्या, आपली मनीषा सासरहून, मनमाडहून निघाली होती, कुणीतरी तुळशीचं पान शोधत होतं. मी पायाकडून चादर वर केली आणि आधी उजवा, मग डावा, असे दोन्ही तळवे नीट बघून घेतले. टाचा पाहिल्या, अंगठ्याची खालची बाजू पाहिली, बोटांच्या बेचक्या फाकवून पाहिल्या. कुठे चीर नाही, कुठे काळं नाही, कुठे ओल नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. नवरा समोर थंड पडलाय आणि बायकोला हायसं वाटतंय, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. पण वाटलं ते वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पाय कापायची भाषा केली त्या दिवसापासून मी ज्या गोष्टीला भीत होते, ती झाली नाही. दोन्ही पाय घेऊन गेलात.

शेजारच्या मालतीताईंनी मला तुमच्या पायाशी वाकलेलं पाहिलं आणि हंबरडाच फोडला. "बघा गं बायांनो, शेवटपर्यंत हिनं पाय सोडले नाहीत!" त्यांना वाटलं मी पाया पडतेय. तुम्ही असता तर मिशीतल्या मिशीत हसला असता. मलाही हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं.

आज तेरावं झालं. पाहुणे पांगले, मनीषा आत भांडी आवरतेय. दिवेलागण झाली तशी मी सवयीनं बॅटरी घेऊन ओट्यावर येऊन बसले आणि मग लक्षात आलं की बघायला पायच नाहीत. म्हणून तुमच्याशी बोलते. आज एक गंमत झाली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण ती आधीपासून सांगायला हवी.

आपल्या लग्नात माझ्या वडिलांनी तुम्हाला सटाण्याच्या बाजारातून काळे बूट घेतले होते, टोकदार, चकचकीत. तुम्ही ते मांडवात घातलेत, पंगतीला काढलेत, आणि त्यानंतर ते कुणाच्या नजरेस पडले नाहीत. परतणीला माझ्या माहेरी आलात ते अनवाणी. आई दारातच माझ्या कानाशी लागली, "जवाईना जोडा कोठे शे वं?" मला नव्या नवरीला काय ठाऊक! मी म्हटलं, चावत असतील. नंतर तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "बूट चांगले हायेत गं. माझे पायच त्यांना आवडले नाय."

मळ्यात कुणी अनवाणी फिरतं याचं मला नवल नव्हतं. वाफ्यात चप्पल घालून कोण उतरतं? सासूबाई, मामंजी, सुरगाण्याकडून निंदणीला येणाऱ्या बाया, सगळेच बांधावर चपला काढायचे. पण फुलं घेऊन नाशकात जायची वेळ झाली की बाकीचे पाय धुऊन चपला घालायचे आणि तुम्ही नुसतेच पाय धुवायचात. फुलबाजारात अनवाणी, बँकेत अनवाणी, थेटरात अनवाणी. लूनाला किक मारायचात तीही अनवाणी, आणि मी मागे बसून डोळे मिटून घ्यायची.

मनीषाच्या शाळेत पालकसभेला गेलात तेव्हा पोरगी रडत घरी आली. मैत्रिणीनं विचारलं होतं, "तुझे बाबा चपला कुठे विसरले?" मी म्हटलं, निदान शाळेत तरी घाला. पुढच्या सभेला तुम्ही परीटघडीचा शर्ट घातलात, डोक्याला तेल लावलंत, मनगटावर लग्नातलं घड्याळ बांधलंत आणि खाली पुन्हा तेच. बाईंना सांगून आलात, नवस आहे म्हणून. बँकेतल्या साहेबांना सांगितलंत डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांना सांगितलंत देवळात चोरीला गेल्या. एसटीच्या कंडक्टरला सांगायचात, "आत्ताच तुटली बघा." तो बिचारा आपल्याच मार्गावरचा, त्यानं शेवटी विचारलं, "काका, तुमची चप्पल रोजच तुटती का?"

खरं कारण तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही मी विचारलं नव्हतं तेव्हा. निशिगंधाच्या दांड्या बांधत बसलो होतो आणि तुम्ही आपणहून म्हणालात, "चप्पल घातली ना, का मला परक्याच्या घरी बसल्यावानी वाटतं. कधी उठतो नि कधी जातो, असं." मी म्हटलं, "मग अख्खं नाशिक तुम्हाला आपलं घर वाटतं काय?" तुम्ही सुतळीला गाठ मारत म्हणालात, "वाटतं ना." आता यावर काय भांडायचं?

भांडण नव्हतं असं मात्र नाही हां. तुमच्याबरोबर कुठे प्रवासाला निघायचं म्हणजे माझा जीव टांगणीला. तुमच्या खांद्यावर पंचा आणि पिशवीत पाण्याची बाटली, तीही प्यायला नव्हे, पाय धुवायला. उन्हाळ्यात सीबीएस स्टँडच्या आवारातलं डांबर पातळ व्हायचं. लोक चपला चिकटतात म्हणून कुरकुरायचे आणि तुम्ही या सावलीतून त्या सावलीत उड्या मारत एसटी गाठायचात. रस्ता ओलांडताना पांढऱ्या पट्ट्यावरून चालायचात, तो कमी भाजतो म्हणून. बघणाऱ्याला वाटायचं, काय शिस्तीचा माणूस आहे! गाडीच्या पायरीवर बसून पाय धुवायचे, पंच्यानं पुसायचे आणि मग सीटवर मांडी घालायची. कुणाच्या घरी गेलात की आधी मोरी विचारायचात, मग माणसांची ख्यालीखुशाली. एक कबूल करते, तुमच्याइतके स्वच्छ पाय मी चपला घालणाऱ्या कुणाचेच पाहिले नाहीत.

मी जोड आणले नाहीत असं तर मुळीच नाही. एक आणला तो सुरगाण्याच्या ठकूबाईच्या नवऱ्याच्या पायात गेला. दुसरा तुम्ही एसटीत विसरलात, आणि विसरलात तो असा की बाटली, पंचा, पिशवी सगळं घरी आलं. तिसरा माळ्यावर टाकलात आणि उंदरांनी संपवला. दर वेळी मी बोलबोल बोलायची, आणि तुम्ही फुलांच्या जुड्या बांधत बसायचात.

मग मनीषाचं मनमाडला ठरायची वेळ आली. मुलगा शाळेत मास्तर, वडील नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले, माणूस वेळेचा पक्का आणि इस्त्रीचा कडक. आपण घर बघायला जायचं होतं. मला धास्ती एकच, तुमचे पाय. पोरीचं सोन्यासारखं स्थळ बापाच्या चपलांपायी जाईल, या विचारानं मला आदल्या दिवशी घास जात नव्हता. तुम्हाला म्हटलं, "एक दिवस. पोरीसाठी." तुम्ही म्हणालात, "बघू." तुमचं बघू म्हणजे नाही, हे मला संसारात पहिल्या वर्षीच कळलं होतं.

तरी त्यांच्या दारात पोचलो तेव्हा मला जरा हुशारी आली. सगळ्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत सगळेच अनवाणी! कोण कुणाच्या पायाकडे बघतंय? पोहे झाले, चहा झाला, विहीणबाईंनी माझी ओटी भरली, पेढे वाटले आणि एक पुडा घरी न्यायला म्हणून माझ्यापुढे स्टुलावर ठेवला. मी मनात सप्तशृंगीला हात जोडले. आणि आपण निघालो.

व्याही पोचवायला दारापर्यंत आले. सगळ्यांनी चपला घातल्या. तुम्ही पायपुसण्यावर उभे.

"व्याही, तुमची चप्पल?" त्यांनी विचारलं.

कंडक्टरला रोज नवं कारण सांगणारे तुम्ही, नुसता खांद्यावरचा पंचा सारखा करत राहिलात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे. तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या दारातून पाहुण्याची चप्पल गेली?" असं म्हणून त्यांनी जो गोंधळ घातला! मुलगा तुळशीवृंदावनामागे बघतोय, विहीणबाई शेजारणीच्या कुत्र्याच्या नावानं बोटं मोडतायत, गल्लीतली दोन माणसं गटारात वाकून बघतायत. जी चप्पल कधी नव्हतीच ती अख्खी गल्ली शोधतेय, आणि आपण दोघं चोरासारखे उभे. आता खरं सांगावं तर त्यांची फजिती, न सांगावं तर कुत्र्यावर आळ.

शेवटी व्याही आत गेले आणि कागदात गुंडाळलेला नवा कोरा जोड घेऊन आले. पिवळसर कातडी, मागे पट्टा, स्वतःसाठी घेतलेला. एवढा तालेवार माणूस खाली वाकला आणि त्यानं त्या चपला तुमच्या पायांपुढे ठेवल्या. "घाला. नाहीतर मला चैन पडायचं नाही."

तुम्ही घातल्यात. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या पायात चप्पल बघून माझे डोळे विस्फारले. वीतभर मोठ्या होत्या त्या, पण तुम्ही म्हणालात, "एकदम मापात."

कोपऱ्यावर वळलो न वळलो तोच तुम्ही त्या काढल्यात, पंच्यानं पुसल्यात आणि काखेत मारल्यात. मी स्टेशनपर्यंत दम धरला. फलाटावर मात्र माझा तोल गेला. ऊन मी म्हणत होतं, तुम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभे होतात आणि काखेत नव्या कोऱ्या चपला!

"माझे जोड उंदरांना घातलेत आणि व्याह्यांच्या चपला लगेच चढवल्यात?"

"त्यांनी दिल्या गं."

"मग मी काय केलं होतं?"

"तू दिल्या नाय. लादल्या. ओरडून वाढलेली भाकर घशाखाली उतरती का?"

फलाटावरची माणसं बघत होती, म्हणून मी पाठ फिरवून उभी राहिले. गाडीतही तोंड फिरवून बसले. निफाड गेलं तेव्हा आठवलं, पेढ्यांचा पुडा त्यांच्या स्टुलावरच राहिला. तो नंतर जावयांबरोबर आला. पण तुमचं ते "लादल्या" माझ्या मनात कायमचं रुतून बसलं. पुढे कितीदा ते भांडण मी उकरून काढलं. आणणं कुठे संपतं आणि लादणं कुठे सुरू होतं, ते सांगा म्हटलं. तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत.

मनीषाचं लग्न झालं, सुखात झालं. मागे राहिल्या त्या चपला. व्याह्यांची एक चांगली सवय, न कळवता कधी आले नाहीत. मनमाडहून निघण्याआधी मालतीताईंकडे फोन यायचा आणि आपल्याकडे पळापळ व्हायची. माळ्यावरून चपला काढा, धूळ पुसा, पट्टा लावा. मग तुम्ही त्या घालून फटक फटक करत फाटकापर्यंत जायचात, व्याह्यांना मिठी मारायचात आणि फटक फटक करत दारापर्यंत आणायचात. तेवढ्यात तुमच्या कपाळाला घाम यायचा. व्याही खाली बघून म्हणायचे, "अजून नव्यासारख्या ठेवल्यात हो!" आणि तुम्ही म्हणायचात, "वापरतो पण जपून." मी आत पदर तोंडात कोंबून हसायची, आणि तितकीच भ्यायचीसुद्धा. हे सोंग एक दिवस उघडं पडेल आणि पोरीला सासरी ऐकावं लागेल, तुझा बाप खोटारडा म्हणून. दर वेळी व्याही गेले की मी देवापुढे साखर ठेवायची.

सिंहस्थातलं तर विसरूच शकत नाही. तुम्ही रामकुंडावर झेंडू पोचवायला गेला होतात. दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा, पाय उघडे. कुठल्या गावची एक बाई पुढे आली आणि थेट तुमच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या मागे तिची जाऊ. मग रांगच लागली. तुम्हाला हलता येईना. तुम्ही प्रत्येकाला उलटा नमस्कार करत होतात आणि त्यानं लोकांची भक्ती आणखीच वाढत होती. घरी आलात ते नारळ आणि केळी घेऊन, घाबरेघुबरे. "लोकांना फसवल्याचं पाप लागंल का गं?" मी म्हटलं, "नारळाची चटणी करते, पाप वाटून घेऊ."

त्यानंतरच कधीतरी रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी खाली बघून विचारलं, "चप्पल बाहेर काढलीत का?" तुम्ही हो म्हणालात. मी म्हटलं, "नाही हो, हे घालतच नाहीत." त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि नीट समजावून सांगितलं. पायाची जाणीव जाते, जखम कळत नाही, चिघळते, आणि मग कापायची वेळ येते. तुम्ही मान डोलावलीत. बाहेर आल्यावर म्हणालात, "माझ्या पायाला समदं कळतं. पायाखाली मुंगी आली तरी कळती."

आणि मग तो दिवस. मी स्वयंपाकघरातली फरशी पुसत होते. मागच्या दारापासून देवघरापर्यंत लाल ठसे उमटलेले, लक्ष्मीच्या पावलांसारखे एकाआड एक. मला आधी वाटलं कुंकू सांडलं. तुम्ही देवापुढे बसून आरामात फुलं वाहत होतात. मी पाय उचलून पाहिला, तर गुलाबाचा काटा अंगठ्याखाली आतपर्यंत गेलेला, कधी गेला देव जाणे. तुम्ही ते रक्त बघितलंत. इतक्या वर्षांत तुमचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. "मला कळलंच नाय गं," तुम्ही म्हणालात. काट्याचं दुःख नव्हतं ते. इतकी वर्षं सोबत चाललेला पाय तुमच्याशी बोलेनासा झाला होता.

त्या अंगठ्यानं अख्खा हिवाळा घेतला. मधे एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आठवड्यात फरक पडला नाही तर अंगठा ठेवता येणार नाही, आणि मग पाऊलही वाचेल असं सांगता येत नाही." तुम्ही बाकावर बसून दोन्ही पावलं एकमेकांजवळ घेतलीत, लहान मूल घेतं तशी. मी तिथंच ठरवलं, आता ओरडायचं नाही, बघायचं. रोज.

जखम भरली. डॉक्टरीणबाईंनासुद्धा नवल वाटलं, पण त्यांनी बजावलं ते बजावलंच. मग आपण दोघांनी मिळून तो अर्धामुर्धा तह केला, जो त्यांना शेवटपर्यंत पटला नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं. मनीषानं पाठवलेले रबरी बूट तुम्ही गुलाबात घालायचे. एरवी घालाल तर उत्तम, नाही घातलंत तर दिवेलागणीला ओट्यावर बसून दोन्ही पाय माझ्यापुढे करायचे. तुम्ही दुसरं पत्करलंत. जग मळ्यात अनवाणी आणि गावात चपला घालून फिरतं, आमचं ध्यान मळ्यात बूट घालून आणि गावात अनवाणी!

तेव्हापासून रोज दिवा लावला की बॅटरी घेऊन मी खालच्या पायरीवर आणि तुम्ही वरच्या. पहिले काही दिवस तुम्ही लाजून पाय मागे ओढायचात. "बायकोच्या हातात पाय देतेत का कुणी? बरं नाय दिसत." मी म्हणायची, "पाया पडत नाहीये, तपासतेय. अंगठा वर करा. ही भेग कालची की आजची? व्हॅसलीन काय मी लावून घेऊ?" मालतीताई कुंपणापलीकडून हे रोज बघायच्या, ऐकू मात्र काही जायचं नाही. त्यांनी गल्लीभर केलं की यांच्यासारखी पतिव्रता कलियुगात नाही. एकदा तर त्या आपल्या नव्या सुनेला घेऊन कुंपणाशी आल्या, बघ म्हणाल्या, सेवा कशी करावी. मी त्या वेळी तुम्हाला दातओठ खात विचारत होते की डांबर कुठे तुडवून आलात.

पण एक सांगू का? त्या ओट्यावर आपण जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या संसारात बोललो नव्हतो. पाय माझ्या हातात असले की तुमची जीभ सुटायची. कुठल्या गल्लीत नवीन फरशी बसवली, ती कशी गार आहे. फुलबाजारात कुणाची मुलगी सासरहून परत आली. मामंजी गेले तेव्हा तुम्ही रडला नव्हतात, ते का रडला नव्हतात. हे सगळं मला तळपायांनी दिलं. ओरडण्यानं काहीच दिलं नव्हतं.

आणि तरी रोज, बॅटरी लावण्याआधी, मी मनात सप्तशृंगीचं नाव घ्यायची. आज काही निघालं तर? ती भीती मी तुम्हाला कधी दाखवली नाही. त्या सकाळी तुम्ही जुड्या बांधता बांधता "जरा पाणी दे" म्हणालात आणि पाणी आणेपर्यंत गेलात. हृदयानं दगा दिला, पायांनी नाही. म्हणून मी आधी पाय पाहिले.

आता आजची गंमत. गुरुजींनी दानाचं सांगितलं होतं: छत्री, काठी, तांब्या आणि चपलांचा जोड. सगळं आलं, चपला तेवढ्या राहिल्या. मनीषा माझ्या कानाशी म्हणाली, "आई, बाबांना चपला द्यायच्या? आयुष्यभर घातल्या नाहीत. ते परत पाठवतील." आम्ही दोघी हसलो, आणि ते समोरच्या गुरुजींना ऐकू गेलं. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, ती वाट तापलेली असते असं सांगतात. काटेही असतात."

काटे म्हटल्यावर मी उठलेच. माळ्यावर चढले आणि मनमाडच्या चपला काढून आणल्या. पुसायची गरज नव्हती, शेवटच्या खेपेला तुम्ही कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या.

गुरुजींनी उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "वापरलेल्या चालत नाहीत."

मागे व्याही बसलेले. आता काय सांगू? वापरलेल्या आहेत म्हणावं तर दान चालत नाही, नाहीत म्हणावं तर इतक्या वर्षांचं सोंग उघडं पडतं. तेवढ्यात मागून व्याहीच बोलले.

"गुरुजी, घ्या खुशाल. वापरलेल्या नाहीत. मी साक्षीला आहे."

सगळे वळून बघायला लागले. व्याही उठून पुढे आले आणि माझ्याशी बोलू लागले. "विहीणबाई, त्या दिवशी पेढ्यांचा पुडा विसरला होतात. मी सायकल काढून मागे आलो. फलाटावर बघतो तर व्याही चपला काखेत धरून उभे, तापल्या फरशीवर, आणि तुम्ही त्यांना धुताय. तेव्हा ध्यानात आलं, चोरीबिरी काही नाही, हे आलेच अनवाणी होते. तसाच मागे फिरलो."

मी पदर सावरत विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? घरी जाऊन हिला एवढंच सांगितलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस मापाबाहेरची चप्पल घालून निघाला. अशा घरातली पोरगी डोळे मिटून आणावी." मग त्यांचा आवाज बदलला. "आणि म्हणून तर मी येण्याआधी फोन करायचो. नाहीतर त्यांची धांदल व्हायची. फाटकाशी ती फटक फटक ऐकली ना, की मला फार बरं वाटायचं."

तेराव्याच्या दिवशी मांडवात असं हसू मी कधी ऐकलं नाही. मनीषा हसता हसता रडत होती, गुरुजी उपरण्यानं डोळे पुसत होते. आणि मी? एका धास्तीतून तुमच्या तळव्यांनी सोडवलं होतं, दुसरीतून व्याह्यांनी. ज्या गोष्टीनं पोरीचं स्थळ जाईल म्हणून मी झुरत होते, त्याच गोष्टीनं ते जमलं होतं. तुम्हाला हे कळायला हवं होतं हो. आणखी थोडे दिवस थांबला असतात तर मी ओट्यावर पाय हातात घेऊन सांगितलं असतं.

मी त्या चपला गुरुजींच्या हातात दिल्या. ओरडले नाही, बोलले नाही, दोन्ही हातांनी दिल्या. याला तरी लादणं म्हणू नका.

पायात घालायलाच हव्यात असं नाही. तुमच्या सवयीनं काखेत धरा. काटे दिसले तर तेवढ्यापुरत्या घाला, गुलाबात घालायचात तशा, आणि दिवेलागण झाली की बसून पाय एकदा बघत जा. निघालात तेव्हा दोन्ही तळवे स्वच्छ होते. तिकडे कुणी विचारलंच तर सांगा, घरून तपासून पाठवलंय.